'न बुडणारी बोट' म्हणजे किती किलोपर्यंत न बुडणारी?

मागच्या उन्हाळ्यात आमचे दाजी करमाळ्याहून सोलापूरला आले ते हातात एक रंगीत पत्रक घेऊनच. उजनीच्या पाणलोटाजवळ त्यांची शेती आहे. फ्लेमिंगो बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, त्यांच्यासाठी चार खोल्या बांधल्या आहेत, चुलीवरची भाकरी आणि शेंगाची चटणी मिळते. आता त्यांना एक बोट घ्यायची होती. चौदा फुटी, फायबरची, मागे छोटं इंजिन. पत्रकावर बोटीच्या फोटोखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: '१००% न बुडणारी. ६ व्यक्ती.'

"बघ की, हितं स्पष्ट लिहिलंय," दाजी म्हणाले. "खरं असतंय का हे?"

माझं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फायबरचं काम आहे. टाक्या, दारं, बाकं. बोटी मी बनवत नाही, पण मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड), रेझिन आणि पफ (ओतल्यावर फुगून कडक होणारा फोम) रोज हाताखालून जातात, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी दाजींना सांगितलं, हे वाक्य खोटं नसेलही, पण ते अर्धंच आहे. किती वजन असताना बुडणार नाही? सरळ तरंगेल की उलटी होऊन? आज बुडणार नाही की दहा वर्षांनीही? यातलं काहीच पत्रकावर नव्हतं.

आधी तरंगण्याचे दोन प्रकार वेगळे करू, कारण सगळा घोळ तिथंच होतो.

सीना-भीमेला पूर आला की काठच्या गावांत गुऱ्हाळाची काहील पाण्यात घालून माणसं बाहेर काढतात, हे आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. काहील लोखंडाची. लोखंड पाण्यापेक्षा पावणेआठ पट जड. तरी ती तरंगते, कारण तिच्या पोकळ आकारानं बरंच पाणी बाजूला सारलेलं असतं आणि त्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला खालून मिळतो. आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ केला तो हाच. हे झालं आकाराच्या जोरावर तरंगणं. काठावरून पाणी आत शिरलं आणि काहील भरली की आकाराचा उपयोग संपला. मग ती निव्वळ लोखंडाचा तुकडा आणि सरळ तळाला.

दुसरा प्रकार म्हणजे पाणी आत शिरल्यावरही तरंगणं. ते अंगच्या हलकेपणावर होतं. लाकडी होडी भरली तरी पाण्याच्या पातळीला लोंबकळत राहते. फायबर मात्र पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड, ॲल्युमिनियम २.७ पट. यांच्या बोटी भरल्या की बुडतातच, म्हणून त्यांच्यात फोम किंवा हवाबंद कप्पे घालावे लागतात. 'न बुडणारी' हा दावा या दुसऱ्या प्रकाराबद्दल असतो. गिऱ्हाईक मात्र तो पहिल्या प्रकारासारखा ऐकतं. त्याला वाटतं, बोट आता चालते आहे तशीच चालत राहील.

प्लास्टिकच्या बोटींची गंमत आणखी वेगळी. तळ्यांत पायानं मारायच्या ज्या बोटी असतात किंवा रिसॉर्टवर जे कयाक असतात, त्यांतले बरेचसे पॉलिथिनचे. पॉलिथिन पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्के हलकं. 'मटेरियलच तरंगतं साहेब' हे विकणाऱ्याचं म्हणणं अगदी खरं असतं. पण पंचवीस किलोचा कयाक पाण्यानं भरला की त्याच्या प्लास्टिकची उचल किती? सव्वा-दीड किलो. त्यावर दप्तरसुद्धा ठेवता येणार नाही. आत वेगळा फोम नसेल तर तो बुडणार नाही, आणि तुम्हाला वाचवणारही नाही.

आता टेप काढू.

दाजींबरोबर मी बोट बघायला गेलो. फोम कुठं आहे, विचारलं. विक्रेत्यानं बसायच्या दोन पाटांवर थाप मारली. "दोन्ही पफनं पॅक भरलेत." पाट मोजला: साडेतीन फूट लांब, दहा इंच रुंद, आठ इंच उंच. म्हणजे ५५ लिटर. दोन पाटांचे ११० लिटर.

हिशोब लिटरमध्येच करावा, सोपा पडतो. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन एक किलो. फोमचं स्वतःचं वजन वजा केलं की १०० लिटर चांगला पफ पाण्यात सुमारे ९७ किलो उचलतो. म्हणजे या दोन पाटांची उचल साधारण १०६ किलो.

आता दुसरी बाजू. बोटीची नुसती काया १५० किलोची. फायबर पाण्यापेक्षा दीडपट जड असल्यानं पाण्याखाली गेल्यावर तिचं वजन एक तृतीयांश उरतं, ५० किलो. इंजिन, बॅटरी, नांगर आणि सटरफटर मिळून पाण्यात ४५ किलो धरलं. बेरीज ९५.

उचल १०६, वजन ९५. शिल्लक अकरा किलो.

बोट बुडणार नव्हती, अगदी खरं. अकरा किलोंनी बुडणार नव्हती. सहा माणसांचं काय होणार, हा प्रश्न पत्रकाच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत कुठंतरी होता. '१००% न बुडणारी' ही एक ओळ आणि '६ व्यक्ती' ही दुसरी. वाचणारा त्या आपसूक जोडतो. सहा व्यक्ती हा आकडा कोरड्या बोटीचा, न बुडणारी हा गुण रिकाम्या बोटीचा.

मग माणसांसाठी किती उचल लागते? इथं अमेरिकेचा नियम बघण्यासारखा आहे. तो आपल्याला लागू नाही, पण विचार कसा करायचा ते त्यातून कळतं. तिथं १९७१ मध्ये बोटींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि त्याच दशकात वीस फुटांखालच्या बहुतेक इंजिनबोटींना पाणी भरल्यावर तरंगण्याचे नियम लागले. शिडाच्या बोटी, कयाक आणि हवा भरायच्या बोटी त्यातून वगळल्या आहेत. दोन अश्वशक्तीपेक्षा मोठं, मागे टांगायचं इंजिन असेल तर परीक्षा कडक असते. बोट पाण्यानं भरून अठरा तास तशीच ठेवायची. त्यानंतरही ती सपाट तरंगली पाहिजे, दहा अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. मग वजन एका बाजूला सरकवून पुन्हा बघायचं. हवाबंद कप्पे असतील तर त्यांतले सगळ्यांत मोठे दोन पाणी शिरलेले धरायचे.

त्या परीक्षेत माणसांचं वजन पूर्ण धरत नाहीत. पहिल्या अडीचशे किलोंचं अर्धं धरतात आणि वरच्या वजनाचा फक्त आठवा हिस्सा. ही कंजुषी वाटते, पण कारण साधं आहे. भरलेल्या बोटीत माणूस छातीपर्यंत पाण्यात बसलेला असतो आणि पाण्यानं त्याचा बराच भार घेतलेला असतो. विहिरीत आपण हलके होतो, तसंच. सहा जणांचे चारशे किलो धरले तर परीक्षेत येतात १४४ किलो.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या, कारण जगातल्या अतिशय प्रामाणिक दाव्यातही ही अट दडलेली आहे. बोट तुम्हाला तारेल, पण पाण्यात बसलात तर. घाबरून कुणी काठावर चढलं, पाटावर उभं राहिलं, पोराला खांद्यावर घेतलं, की त्याचं वजन पुरतं बोटीवर आलं. आणि घाबरलेला माणूस हेच करतो.

फोम किती आहे याइतकाच तो कुठं आहे हाही प्रश्न आहे. आमच्या गावी विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे. कमरेखाली कधीच नाही. माझ्या चुलतभावानं एकदा शहाणपणा करून स्वतःच डबा बांधला, तो घसरून बुडाशी गेला. बूड वर, डोकं खाली. बोटीचं तसंच. फोम नुसता तळात भरला तर पाणी शिरल्यावर तळच वर यायला बघतो आणि बोट पालथी होते. तो काठाखाली, दोन्ही अंगांना आणि इंजिनाच्या बाजूला जास्त हवा. तळातल्या फोमवर विक्रेते फार बोलतात, कारण तळात भरणं सोपं.

त्याच डब्यानं मला दुसरी गोष्टही शिकवली. माझ्या डब्याचं झाकण डांबर लावून बंद केलेलं होतं. दोन उन्हाळे छान चालला. तिसऱ्या वर्षी विहिरीच्या मधोमध पाठीवर गुडगुड आवाज यायला लागला. तरंगायला दिलेली वस्तू भरली की ती ओझं होते, हे मी नाका-तोंडात पाणी जात असताना शिकलो. काकांनी दोर टाकला म्हणून हे लिहितोय.

बोटीतल्या हवाबंद कप्प्यांची हीच गत. आपल्याकडे तर ऊन हा मोठा शत्रू. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो तेव्हा उन्हात पडलेल्या बोटीचा पत्रा साठ अंशांना सहज जातो. आतली हवा फुगते आणि फटीतून थोडी निसटते. ती तापलेली बोट पंचवीस अंशांच्या पाण्यात ढकलली की आतली हवा आकसते, दाब जवळजवळ दहा टक्क्यांनी पडतो. एक मीटर पाण्याच्या खांबाइतकी ती ओढ असते. रिवेटजवळ केसाएवढी फट असली तरी कप्पा पाणी पितो. रोज घोटभर.

फोम यापेक्षा बरा, कारण त्याच्यात लाखो बंद पेशी असतात, एक फुटली तरी बाकीच्या शाबूत. पण 'फोम म्हणजे कायमचं' हेही खरं नाही. पफ ओतताना मिश्रण चुकलं, थंड पडलं किंवा साच्यात घाईनं ओतलं, तर आत पोकळ्या राहतात. पाटाला वरून ठोकलं की आवाज बदलतो, तिथं ओळखायचं. वर्षानुवर्षं तळात साचलेल्या पाण्यात पडून राहिलं की तो हळूहळू ओला होतो. सगळ्यांत वाईट म्हणजे पैसे वाचवायला पफऐवजी कोंबलेला थर्माकोल. थर्माकोलचा तुकडा वाटीत घेऊन त्यावर पेट्रोल टाकून बघा, घराबाहेर आणि चुलीपासून लांब. डोळ्यांदेखत विरघळतो. इंजिनबोटीच्या तळात पेट्रोल सांडणार नाही असं होत नाही. जुनी बोट घ्यायची असेल तर सरळ वजनकाट्यावर ठेवा. मूळ वजनापेक्षा चाळीस-पन्नास किलो जास्त भरली तर तेवढं पाणी फोमच्या पोटात असू शकतं, आणि तेवढी उचल तुमच्या खात्यातून गेली.

जाहिरातींचा इतिहासही मजेदार आहे. १९६१ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात बोस्टन व्हेलर या बोटीची जाहिरात आली. कंपनीचा संस्थापक डिक फिशर सूट घालून तेरा फुटी बोटीत बसला आहे आणि बोट करवतीनं मधोमध कापली जाते आहे. कापून झाल्यावर बोटीचा इंजिन असलेला अर्धा भाग तो चालवत घेऊन जातो. यात फसवणूक नव्हती. दोन कवचांच्या मध्ये फोम ओतल्यानं बोट तुकडे होऊनही तरंगत होती. पण प्रेक्षकानं काय बघितलं ते बघा: शांत पाणी, एकच माणूस, कोरडी बोट. लाट, गर्दी आणि पालथं होणं त्या चित्रात नाही.

ते चित्रात नसतं तेव्हा काय होतं, त्याचं उदाहरण २००९ चं आहे. २८ फेब्रुवारीला फ्लोरिडाजवळच्या समुद्रात चार मित्र एकवीस फुटी बोटीनं मासेमारीला गेले होते. दोघं अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू, म्हणजे चांगले धट्टेकट्टे. नांगर अडकला, तो सोडवायला मागून जोर लावला, बोट पालथी झाली. ती बुडाली नाही. २ मार्चला तटरक्षक दलाला ती पालथ्या अवस्थेत तरंगताना सापडली, तिच्यावर एकटाच माणूस जिवंत होता. बाकीच्या तिघांचा थंड पाण्यात जीव गेला. बोटीनं बुडायचं नाकारलं, आणि एक जण वाचला तो त्यामुळेच, हे मान्य करायला हवं. पण पालथ्या, गुळगुळीत तळाला दोन दिवस धरून राहणं हे 'न बुडणारी' या शब्दात कुणाला दिसतं?

परदेशी बनावटीच्या बऱ्याच बोटींवर 'सीई' ही युरोपच्या नियमांची खूण असते. तिच्याजवळच्या अक्षराकडे लोक बघत नाहीत. ए, बी, सी, डी अशा चार श्रेणी असतात. 'डी' म्हणजे आडोशाचं पाणी: वारा ताशी साधारण अठ्ठावीस किलोमीटरपर्यंत, लाटा साधारण एक फूट. आणि 'डी' श्रेणीत नियमात बसत असल्याचं उत्पादकानं स्वतःच जाहीर केलं तरी चालतं. सिद्धेश्वर तलावाला 'डी' भरपूर झाली. उजनीला नाही, निदान वळवाच्या दिवसांत तरी नाही. २१ मे २०२४ ला करमाळ्यातल्या कुगावहून पलीकडच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. दाजींच्या भागात अजून कुणी ते विसरलेलं नाही. संध्याकाळी चारनंतर ढग काळे झाले की बोट काठाला, हा नियम कुठल्याही फोमपेक्षा मोठा आहे. धरणात इंजिनाची बोट चालवायची तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणी लागते, तेही दाजींना सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण चेहरा असा केला की जणू मीच कायदा केला.

शेवटी बोट घेतली. भाव पाडून. अकरा किलोंचा हिशोब कागदावर मांडल्यावर विक्रेताही थोडा नरमला होता. मग ती दाजींच्या शेततळ्यात उतरवली, दोन बाजूंनी दोर बांधून. इंजिन लावलं नाही, त्याजागी आणि बॅटरीच्या जागी मिळून बावन्न किलो लोखंड बांधलं. लोखंड पाण्यात आठवा हिस्सा वजन गमावतं, म्हणजे ते पंचेचाळीस भरलं. पंपानं पाणी सोडलं. बोट काठापर्यंत गेली आणि थांबली. "बघ, नाही बुडली," दाजी म्हणाले. त्यांचा पुतण्या, बारावीतला, लाइफ जॅकेट घालून मागच्या कोपऱ्यावर चढला. कोपरा गपकन खाली गेला, पुढचं टोक आभाळाकडे, पोरगं पाण्यात. पाच सेकंदही लागले नाहीत. दाजी काही बोलले नाहीत.

मग मी दोन्ही काठांखाली आतून दहा फूट लांब, सहा इंच बाय सहा इंचाचे पफचे पट्टे बसवले आणि वरून मॅट-रेझिननं बंद केले. १४० लिटरची भर पडली. पुन्हा तीच परीक्षा, या वेळी वाळूची पोती घालून. इथं एक खोड आहे. पन्नास किलोचं वाळूचं पोतं पाण्यात फक्त एकतीस किलोचं उरतं. म्हणून १३० किलोंचा भार दाखवायला २१० किलो वाळू लागली. कुणी पोती टाकून 'बघा, दोनशे किलो घेतलं' असं म्हटलं तर पोती पाण्यात होती की वर, ते विचारा. बोट रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काठ पाण्याच्या वर चार बोटं होता, दोन्हीकडे सारखा.

लाइफ जॅकेटं त्याच दिवशी तपासली. माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला फार उचल लागत नाही. साध्या जॅकेटची सात-आठ किलो असली तरी शांत पाण्यात भागतं. किराणा दुकानातली लोखंडी वजनं घेतली, पाच, दोन आणि एक. आठ किलो लोखंड पाण्यात सात किलो होतं. ती जॅकेटला बांधून टाकीत सोडली. सहांपैकी दोन जॅकेटं तळाला गेली. दिसायला सहाही सारखीच होती, भगवी, चकचकीत. दोनांचा फोम दाबून दाबून पापड झाला होता, कारण लोक त्यांच्यावर बसत.

नव्या हिशोबात बोटीवर पाच जण बसत होते. मी काठावर ऑइलपेंटनं '४ व्यक्ती' लिहिलं, चालवणारा धरून. फोम दर वर्षी थोडं पाणी पिणार, हे धरायलाच हवं. दाजींना ते पटलेलं नाही. पाहुण्यांचं कुटुंब चार जणांचं निघालं की चालवणाऱ्यासकट पाच होतात आणि दोन फेऱ्या कराव्या लागतात. करतात. पैसे दोन फेऱ्यांचे घेतात का, ते मी विचारलेलं नाही.